विश्लेषण : जर्मन पाणबुडीचा कप्तान पोलंडच्या नौदलाचा शिल्पकार कसा झाला? ॲडमिरल युझेफ उन्रुग यांची कहाणी

२ ऑक्टोबर २०१८ रोजी पोलंडमधील ग्दिनिया शहरात नौदलाच्या दफनभूमीत ॲडमिरल युझेफ उन्रुग यांना लष्करी इतमामात निरोप देण्यात आला. त्यांचे निधन मात्र ४५ वर्षांपूर्वीच, फ्रान्समध्ये झाले होते. इतकी वर्षे ते मायदेशी परतले नाहीत, कारण तशी त्यांचीच अट होती. दोन महायुद्धांच्या दरम्यान जवळजवळ शून्यातून एक छोटे नौदल उभे करणारा, युद्धाच्या तोंडावर त्यातली सर्वोत्तम जहाजे परदेशी पाठवून देणारा आणि ३२ दिवस लढून शरण जाणारा हा अधिकारी जन्माने जर्मनीतला होता. त्याच्या आयुष्याचा आणि पोलंडच्या नौदलाचा हा आढावा.

उन्रुग कोण होते?

युझेफ उन्रुग यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८८४ रोजी बर्लिनजवळच्या ब्रांडेनबुर्ग शहरात झाला. त्या वेळी जगाच्या नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याची वाटणी करून घेतली होती. उन्रुग यांचे वडील प्रशियाच्या सैन्यात जनरल होते, तर आई जर्मन सरदार घराण्यातली. घराण्याची मुळे पोलंडमध्येही होती, पण मुलाचे शिक्षण जर्मनीत झाले.

शालेय शिक्षण संपवून ते कैसरच्या नौदलात दाखल झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी पाणबुड्यांचे नेतृत्व केले आणि पुढे पाणबुडी दलाच्या प्रशिक्षण तुकडीची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. वयाच्या चौतिशीत एक यशस्वी जर्मन अधिकारी म्हणून त्यांची ओळख पक्की झाली होती.

नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनी हरला आणि १२३ वर्षांनी पोलंड स्वतंत्र झाला. उन्रुग यांच्यापुढे दोन रस्ते होते. त्यांनी १९१९ मध्ये जर्मनी सोडली आणि पोलंडच्या सेवेत दाखल झाले. पोलिश भाषा त्यांना नीट येत नव्हती. बोलताना जर्मन ढब लपत नसे. ज्या देशाची भाषा अडखळत बोलावी लागते, त्या देशासाठी जुने पद, जुने सहकारी आणि नात्यागोत्याची माणसे मागे ठेवण्याचा हा निर्णय होता.

किनारा होता, नौदल कुठे होते?

स्वतंत्र पोलंडचे नेते युझेफ पिल्सुद्स्की यांनी २८ नोव्हेंबर १९१८ रोजी नौदल स्थापनेचा आदेश काढला. गंमत अशी, की तेव्हा देशाच्या ताब्यात समुद्रकिनाराच नव्हता. व्हर्सायच्या तहाने तो मिळाला आणि फेब्रुवारी १९२० मध्ये पोलिश सैन्य बाल्टिक समुद्रापर्यंत पोहोचले. १० फेब्रुवारीला जनरल युझेफ हालर यांनी पुत्स्क गावी समुद्रात अंगठी टाकून पोलंडचे सागराशी लग्न लावले.

लग्न झाले, पण संसार मांडायला जागा अपुरी होती. हेल या चिंचोळ्या वाळूच्या द्वीपकल्पाची लांबी धरूनही किनारा जेमतेम १४० किलोमीटरच्या आसपास. त्यावर एकही मोठे बंदर नाही. जवळचे डान्झिग, म्हणजे आजचे ग्दान्स्क, हे राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालील मुक्त शहर होते आणि तिथली बहुसंख्य वस्ती जर्मन होती. १९२० मध्ये सोव्हिएत फौजा वॉर्साच्या दिशेने येत असताना या बंदरातील गोदी कामगारांनी पोलंडसाठी आलेला दारूगोळा उतरवायला नकार दिला. आपले स्वतःचे बंदर हवे, हा धडा पोलंडला तिथे मिळाला.

त्यातून ग्दिनिया उभे राहिले. १९२० च्या सुमारास हजार-दीड हजार वस्तीचे हे मच्छीमारांचे गाव. अभियंता तादेउश व्हेंदा यांच्या आराखड्यानुसार तिथे बंदर बांधले गेले. १९२६ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला आणि १९३९ पर्यंत लोकसंख्या लाखाच्या पुढे गेली. बाल्टिकमधील सर्वांत गजबजलेल्या बंदरांमध्ये त्याची गणना होऊ लागली.

पहिली जहाजे कशी मिळाली?

उन्रुग यांना सुरुवातीला जलसर्वेक्षण विभागाची जबाबदारी मिळाली. समुद्राची खोली, प्रवाह, वाळूचे उथळ पट्टे यांचे नकाशे नसतील तर कोणतेही नौदल आंधळेच. या कामासाठी ‘पोमोझानिन’ नावाचे एक छोटे वाफेचे जहाज घेण्यात आले. ते मिळवण्यात उन्रुग यांची मोठी भूमिका होती. १ मे १९२० रोजी त्यावर पोलिश नौदलाचा झेंडा चढला. देशाच्या नौदलाचे हे पहिले जहाज लढाऊ नव्हते, तर नकाशे काढणारे होते.

मग पराभूत जर्मनीच्या नौदलातून दोस्त राष्ट्रांनी सहा जुन्या टॉर्पेडो नौका पोलंडच्या वाट्याला दिल्या. फिनलंडमध्ये बांधलेल्या दोन तोफनौका आल्या. १९२५ मध्ये ‘काशुब’ या टॉर्पेडो नौकेचा बॉयलर फुटून ती बुडाली. जुन्या सामानावर नौदल चालवण्याची किंमत खलाशांच्या जिवाने मोजावी लागत होती.

त्याच वर्षी, १९२५ मध्ये, उन्रुग आरमाराचे प्रमुख झाले. युद्ध सुरू होईपर्यंतची १४ वर्षे ते या पदावर राहिले.

माणसे कुठून आणली?

जहाजांपेक्षा अवघड प्रश्न माणसांचा होता. अधिकारी तीन वेगवेगळ्या नौदलांतून आले होते. काही रशियाच्या झारकडे, काही ऑस्ट्रिया-हंगेरीकडे, तर उन्रुग यांच्यासारखे काही जर्मन कैसरकडे नोकरी केलेले. वॉर्सामध्ये नौदलाचे प्रशासन सांभाळणारे येझी श्विर्स्की हे स्वतः रशियन नौदलातून आलेले होते. प्रत्येकाची शिस्त वेगळी, हुकूम द्यायची पद्धत वेगळी, तांत्रिक शब्दही वेगळे.

या कडबोळ्यातून एक नौदल तयार करायचे होते. तोरून शहरात अधिकाऱ्यांची शाळा निघाली. नव्या पिढीचे अधिकारी पोलिश भाषेतच शिकू लागले. उन्रुग कडक शिस्तीचे आणि मितभाषी म्हणून ओळखले जात. ज्या तरुणांना ते शिस्त लावत होते, त्यांची पोलिश त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगली होती. तरीही त्यांचा शब्द चाले.

आधुनिकीकरण कसे झाले?

छोट्या देशाकडे पैसा कमी, जहाजबांधणीचे कारखाने जवळपास नाहीत आणि शेजारी दोन बलाढ्य शत्रू. त्यामुळे पोलंडने टप्प्याटप्प्याने आणि वेगवेगळ्या देशांतून खरेदी केली.

* फ्रान्स (१९२६ पासून) : मित्रराष्ट्र असल्याने आणि कर्ज तिथूनच मिळाल्याने पहिली मोठी मागणी फ्रेंच कारखान्यांकडे गेली. ‘व्हिखेर’ आणि ‘बुझा’ या दोन विनाशिका तसेच ‘व्हिल्क’, ‘रिश’ आणि ‘झ्बिक’ या तीन पाणबुड्या १९३० ते १९३२ दरम्यान दाखल झाल्या. कामाला उशीर झाला आणि पाणबुड्यांच्या तेलाच्या टाक्यांतून होणारी गळती ही कायमची डोकेदुखी ठरली.
* ब्रिटन (१९३५ पासून) : पुढच्या दोन विनाशिका इंग्लंडमधील काऊस येथे बांधल्या गेल्या. ‘ग्रोम’ आणि ‘ब्विस्काव्हित्सा’, म्हणजे मेघगर्जना आणि वीज. १९३७ मध्ये आलेल्या या जहाजांचा ताशी वेग ३९ सागरी मैलांच्या आसपास होता. त्या काळातील अत्यंत वेगवान आणि भक्कम शस्त्रसज्ज विनाशिकांमध्ये त्यांचा समावेश होता.
* नेदरलँड्स (१९३६ पासून) : ‘ओझेव’ (गरुड) आणि ‘सेंप’ (गिधाड) या दोन मोठ्या पाणबुड्या डच गोद्यांमध्ये तयार झाल्या. ‘ओझेव’साठी पोलंडमधील सामान्य नागरिकांनी वर्गणी दिली होती. फेब्रुवारी १९३९ मध्ये ती ग्दिनियाला पोहोचली तेव्हा बंदरावर गर्दी लोटली.
* स्वदेशी : समुद्रातील सुरुंग काढणारी सहा छोटी जहाजे मात्र पोलंडमध्येच बांधली गेली. मोठ्या जहाजांची चर्चा जास्त झाली, पण आपल्या हाताने जहाज बांधायला देश शिकला तो इथे.

यासोबत हेल द्वीपकल्पाच्या टोकावर १९३५ मध्ये स्वीडिश बनावटीच्या चार १५२ मिलिमीटर तोफा बसवल्या गेल्या. पुढे हाच तोफखाना सर्वांत उपयोगी ठरला.

हे नौदल नेमके कोणाविरुद्ध होते?

इथे या सगळ्या प्रयत्नांतली खरी अडचण दिसते. विसाव्या दशकातील योजना प्रामुख्याने सोव्हिएत रशिया डोळ्यांसमोर ठेवून आखल्या होत्या. युद्ध झाले तर फ्रान्सहून येणारी रसद समुद्रमार्गे ग्दिनियाला पोहोचावी, ती वाट सोव्हिएत आरमाराने अडवू नये, असा विचार होता. त्यासाठी वेगवान विनाशिका आणि लांब पल्ल्याच्या पाणबुड्या योग्यच होत्या.

पण १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि चित्र पालटले. जर्मनीशी युद्ध झाल्यास ग्दिनिया शत्रूच्या विमानांपासून काही मिनिटांच्या अंतरावर होते. बाल्टिकचा हा भाग उथळ आणि अरुंद. मोठ्या पाणबुडीला लपायला खोल पाणी नाही, विनाशिकेला वळायला जागा नाही. एका युद्धासाठी मागवलेली जहाजे दुसऱ्याच युद्धाच्या तोंडावर दाखल होत होती. जहाज बांधायला तीन-चार वर्षे लागतात, राजकारण त्याआधीच बदलते. छोट्या नौदलाकडे चूक दुरुस्त करायला दुसरी संधी नसते.

१९३९ च्या उन्हाळ्यात उन्रुग यांच्याकडे चार विनाशिका, पाच पाणबुड्या, ‘ग्रिफ’ हे सुरुंग पेरणारे मोठे जहाज, सहा सुरुंग काढणारी जहाजे आणि काही जुन्या नौका होत्या. वीस वर्षांपूर्वीच्या तुलनेत ही झेप प्रचंड होती. समोरच्या जर्मन नौदलाच्या तुलनेत मात्र ती मूठभरच होती. जर्मन नौदल किती ताकदवान आहे, हे उन्रुग यांच्याइतके पोलंडमध्ये क्वचितच कोणाला ठाऊक असेल. ते त्याच नौदलात घडले होते.

जहाजे परदेशी का पाठवली?

ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस ब्रिटनशी ठरल्याप्रमाणे एक गुप्त योजना अमलात आली. तिचे सांकेतिक नाव होते ‘पेकिंग’. चारपैकी तीन विनाशिका, म्हणजे ‘ग्रोम’, ‘ब्विस्काव्हित्सा’ आणि ‘बुझा’, युद्ध पेटण्यापूर्वीच ब्रिटनला जाणार होत्या.

उन्रुग यांना ही योजना सुरुवातीला पटली नव्हती. लढाई तोंडावर असताना सर्वोत्तम जहाजे निघून जाताना पाहून मागे राहिलेल्या खलाशांना काय वाटेल, हा प्रश्न होताच. पण बाल्टिकमध्ये ती जहाजे काही दिवसही टिकणार नाहीत, हे गणितही स्पष्ट होते. अखेर त्यांनी आदेश मान्य केला. ३० ऑगस्टला तिन्ही जहाजे निघाली आणि १ सप्टेंबरला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पोहोचली. त्याच पहाटे जर्मनीने पोलंडवर हल्ला केला होता.

मागे राहिलेल्यांचे काय झाले, यावरून हा निर्णय तपासता येतो. ‘व्हिखेर’ आणि ‘ग्रिफ’ यांनी ३ सप्टेंबरला सकाळी हेलजवळ जर्मन विनाशिकांना तोफांनी परतवून लावले, पण त्याच दिवशी विमानांनी दोन्ही जहाजे बुडवली. युद्धाच्या तिसऱ्याच दिवशी पोलंडकडे बाल्टिकमध्ये एकही मोठे जहाज उरले नाही.

पाणबुड्यांना एकही मोठी शिकार मिळाली नाही. तीन पाणबुड्या स्वीडनमध्ये गेल्या आणि तिथेच अडकल्या. ‘व्हिल्क’ ब्रिटनला पोहोचली. ‘ओझेव’ एस्टोनियात ताब्यात घेतली गेली, पण तिच्या खलाशांनी पहारेकऱ्यांना काबूत घेऊन पलायन केले आणि नकाशांशिवाय बाल्टिक पार करून ऑक्टोबरच्या मध्यात ब्रिटन गाठले. ‘झ्बिक’ने पेरलेल्या एका सुरुंगावर १ ऑक्टोबरला एक जर्मन सुरुंगशोधक जहाज बुडाले.

हेल ३२ दिवस कसे टिकले?

उन्रुग यांनी आपले मुख्यालय हेलवर नेले. वेस्टरप्लाटे ७ सप्टेंबरला पडले, ग्दिनिया १४ ला, ओक्सिव्हिये १९ ला. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या. २८ सप्टेंबरला वॉर्साने शस्त्रे ठेवली. हेल मात्र लढतच होते. जर्मन युद्धनौकांच्या तोफांना हेलचा तोफखाना उत्तर देत होता. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टॉर्पेडोंची स्फोटके वापरून द्वीपकल्पाचा अरुंद गळा उडवण्यात आला, जेणेकरून जर्मन पायदळाची वाट अडावी.

पण अन्न आणि दारूगोळा संपत आला होता, कोठूनही मदत येणार नव्हती आणि देशाचा बहुतेक भाग शत्रूच्या हाती होता. आणखी लढल्याने फक्त मृतांचा आकडा वाढला असता. १ ऑक्टोबरला उन्रुग यांनी शरणागतीचा निर्णय घेतला आणि २ ऑक्टोबरला जर्मन सैन्य हेलवर दाखल झाले.

जर्मन भाषा का सोडली?

त्यानंतरची साडेपाच वर्षे उन्रुग यांनी वेगवेगळ्या युद्धकैदी छावण्यांत काढली. कोल्दित्सचा प्रसिद्ध किल्लाही त्यात होता. जर्मनांसाठी ते साधे कैदी नव्हते. त्यांचे जुने सहकारी आता जर्मन नौदलात मोठ्या हुद्द्यावर होते. उन्रुग यांना आपल्या बाजूला वळवण्याचे प्रयत्न झाले.

त्यावर त्यांनी एक सोपा उपाय केला. १ सप्टेंबर १९३९ पासून आपण जर्मन विसरलो, असे त्यांनी सांगितले आणि जर्मन अधिकाऱ्यांशी दुभाष्यामार्फतच बोलू लागले. जर्मन ही त्यांची बालपणाची, शाळेची, पहिल्या नोकरीची भाषा होती. पोलिशपेक्षा ती त्यांना कितीतरी चांगली येत होती. हे समोरच्यालाही माहीत होते, म्हणूनच तो नकार बोचत असे.

युद्धानंतर परत का आले नाहीत?

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांची मुक्तता केली. पण पोलंड आता सोव्हिएत प्रभावाखाली होता. उन्रुग ब्रिटनला गेले. तिथे त्यांच्या वाट्याला काम आले ते परदेशातील पोलिश नौदल विसर्जित करण्याचे. जे त्यांनी उभारले, तेच मिटवायचे होते.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ दरम्यान राहिलेल्या हजारो पोलिश निर्वासितांपुढेही हाच पेच होता. घर होते त्या देशात परतावे, तर सत्ता परक्याच्या इशाऱ्यावर चालणारी. त्यांच्यातले अनेकजण ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे वळले. उन्रुग आधी मोरोक्कोत आणि नंतर फ्रान्समध्ये गेले. आरमाराचा हा माजी प्रमुख तिथे साधेपणाने जगला. २८ फेब्रुवारी १९७३ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, पोलिश निवृत्तांसाठीच्या एका आश्रमात त्यांचे निधन झाले.

मायदेशी राहिलेल्या त्यांच्या सहकाऱ्यांचे हाल अधिक झाले. हेलचा तोफखाना सांभाळणारे झ्बिग्न्येव प्शिबिशेव्स्की, तोफनौकेचे नेतृत्व केलेले स्तानिस्वाव म्येश्कोव्स्की आणि येझी स्तान्येविच या अधिकाऱ्यांवर कम्युनिस्ट राजवटीने हेरगिरीचे खोटे आरोप ठेवले आणि डिसेंबर १९५२ मध्ये त्यांना ठार केले. मृतदेह वॉर्सात खुणेविना पुरले गेले. यातील म्येश्कोव्स्की हे तर युद्धानंतर आरमाराचे प्रमुख, म्हणजे उन्रुग यांच्याच जागेवर होते.

म्हणून उन्रुग यांनी अट घातली होती. आपल्या या माणसांना सापडवून सन्मानाने दफन केले जात नाही, तोवर आपल्यालाही पोलंडमध्ये आणू नये. अवशेषांची ओळख पटून डिसेंबर २०१७ मध्ये तिघांचे ओक्सिव्हियेच्या दफनभूमीत अंत्यसंस्कार झाले. त्यानंतर उन्रुग आणि त्यांच्या पत्नी झोफिया यांचे अवशेष पोलिश नौदलाच्या जहाजातून फ्रान्सहून आणले गेले. दफनासाठी निवडलेला दिवस होता २ ऑक्टोबर, हेल पडल्याचा दिवस.

त्या आरमाराचे काय उरले?

ब्रिटनला पाठवलेल्या तीन विनाशिकांपैकी ‘ग्रोम’ मे १९४० मध्ये नॉर्वेतील नार्विकजवळ बुडाली. नकाशाविना निसटलेली ‘ओझेव’ त्याच सुमारास उत्तर समुद्रात सर्व खलाशांसह बेपत्ता झाली आणि आजवर सापडलेली नाही. ‘बुझा’ आणि ‘ब्विस्काव्हित्सा’ दोस्त राष्ट्रांच्या ताफ्यांसोबत लढल्या. त्यांच्यासोबत गेलेल्या प्रशिक्षित खलाशांच्या बळावर ब्रिटनमध्ये पोलिश नौदल वाढले आणि नव्या जहाजांवर माणसे देता आली. ज्या निर्णयावर उन्रुग यांचे मन सुरुवातीला राजी नव्हते, त्यामुळेच त्यांच्या कामाचा सर्वांत मौल्यवान भाग वाचला.

‘ब्विस्काव्हित्सा’ १९४७ मध्ये मायदेशी परतली. आज ती ग्दिनियाच्या धक्क्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे आणि पर्यटक तिच्यावर चढून तोफा पाहतात. त्याच शहराच्या उत्तर भागात, ओक्सिव्हियेच्या टेकडीवर, तिला निरोप देणाऱ्या सेनापतीची कबर आहे.